"आरया" कोण म्हणालं?

बाबल शिवा राऊळ, वय एकतीस, हमाल, राहणार बांदा, हा मागच्या फाल्गुनात होळीच्या आदल्या दिवशी सकाळी साडेदहा वाजता सिमेंटच्या वीस गोण्यांखाली सापडला आणि दुपारी एकच्या आत मेला. भार मी सोडला. कंपनीच्या अपघाताच्या वहीत त्याच संध्याकाळी असं लिहिलं गेलं: "सदर इसम स्वतःच्या निष्काळजीपणामुळे भाराखाली गेला." हे वाक्य खोटं आहे. ते आजही वहीत आहे. ते खोडलं जावं म्हणून मी हे लिहितो आहे.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे 'फोर्कलिफ्ट चालवतानाच्या गमतीजमती' मागितल्या होत्या. गमती आहेत. मी चार वर्षं मुंबईच्या गोदीत ही गाडी चालवली आणि गोवा मोकळा झाल्यावर इकडे हमरस्त्याचं आणि पुलांचं काम निघालं तेव्हा बांद्याच्या गोदामावर आलो. एवढ्या काळात माणूस हसतोच की. पण मी गोदीत पत्रकं लिहायला शिकलो आणि तिथे पहिला धडा हा होता की कोणावर अन्याय झाला ते पहिल्या ओळीत सांगायचं. ते सांगून झालं. आता गाडीबद्दल सांगतो, कारण गाडी कळल्याशिवाय बाबल कसा मेला ते कळणार नाही.

फोर्कलिफ्ट म्हणजे पुढे दोन लोखंडी सुळे असलेली बुटकी गाडी. माल लाकडी पाटावर रचलेला असतो. सुळे पाटाखाली घालायचे, दांडा ओढला की सुळे वर जातात, ढकलला की खाली येतात. लोकांना वाटतं वर उचलणं कठीण. उचलायला इंजिन लागतं, पण खाली यायला काही लागत नाही. भार आपल्याच वजनाने येतो, आणि दांडा जरा जास्त ढकलला तर कोसळल्यासारखा येतो. दुसरं, ही गाडी मागच्या चाकांनी वळते. पुढचं तोंड जागच्या जागी असतं आणि ढुंगण बाजूला झोकतं, तिथे कोणी उभा असेल तर भिंतीला चेपला जातो. तिसरं, भार उचलला की ड्रायव्हरला समोरचं काही दिसत नाही. त्याला गोण्या दिसतात. म्हणून भार घेऊन लांब जायचं तर उलटं जायचं, चढावर भार चढाच्या बाजूला ठेवायचा, सुळे जमिनीपासून वीतभर वर ठेवून चालायचं, सुळ्यांवर माणूस चढवायचा नाही आणि भाराखाली माणूस जाऊ द्यायचा नाही. गोदीत हे सगळं मला एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने शिव्या देऊन शिकवलं. शिव्यांनी शिकलेलं विसरत नाही.

बांद्याला गाडी ट्रकवरून आली, गोदीतून काढून टाकलेली, एक दिवा नसलेली. बघायला अर्धा बाजार जमला. हमालांमध्ये सगळ्यांत पुढे बाबल. तिच्याभोवती तो दोन फेऱ्या फिरला आणि म्हणाला, "ह्यो रेडो रे! शिंगां बघ तेची."

झालं, त्या दिवसापासून गाडीचं नाव रेडो.

"रेड्याक खायाक काय घालतंस?" त्याने मला विचारलं.

"डिझेल."

"आणि शेण?"

मी धुराच्या नळीकडे बोट दाखवलं. तो इतका हसला की सुपरवायझर बाहेर आले.

सुपरवायझर म्हणजे तळेऱ्याचे अण्णा. सगळे त्यांना अण्णाच म्हणत. माणूस राक्षस नव्हे, हे मी मुद्दाम सांगतो, कारण पत्रकात आम्ही सुपरवायझरला नेहमी राक्षस करतो. हमालांच्या पोरांची दुखणीखुपणी विचारणारा, शिमग्यात नाचणारा माणूस. फक्त पुलाच्या कामावरच्या साहेबाची जीप दिसली की त्यांची भाषा बदले. आमच्याशी "खंय गेल्लंस रे?" म्हणणारे अण्णा साहेबासमोर "कुठे गेला होतास?" म्हणत. आम्ही त्यावर हसायचो. या भाषेची गोष्ट पुढे येईल.

गाडी सुरू करायच्या आधी गावच्या मानकऱ्याने, गावकाराने, देवाला गाऱ्हाणं घातलं. नारळ ठेवला आणि रेड्यासमोर हात जोडून सुरुवात केली: "बा देवा महाराजा! आज ह्या ठिकाणी जो ह्यो लोखंडाचो रेडो इलो आसा, तेका सांभाळ रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" आम्ही सगळे.

"तेच्यार बसणाऱ्याक सांभाळ!"

"व्हय महाराजा!"

"तेच्या धन्याक बरकत दी!"

"व्हय महाराजा!"

गाऱ्हाणं संपल्यावर बाबल गावकाराला म्हणाला, "गावकारांनू, बसणाऱ्याचा नाव घेतलास, धन्याचा घेतलास. रेड्याच्या म्होरे जो उबो ऱ्हवतलो तेचा काय?"

"तू आसस मां?" गावकार म्हणाले. "तू सांभाळ तुका."

सगळे हसले. मीही हसलो.

आता कामातली एक खोच सांगायला हवी. आमच्या गोदामाची जमीन जांभ्याची, खडबडीत. पाट नुसता जमिनीवर ठेवला तर तिरका बसे आणि गोण्या घसरत. म्हणून पाटाखाली लाकडाचे दोन ठोकळे ठेवावे लागत. मी भार आणून कमरेएवढ्या उंचीवर धरायचा, एकाने वाकून खाली ठोकळे सरळ लावायचे, बाहेर यायचं, आणि मग मी भार सोडायचा. म्हणजे जे कधीच करायचं नाही तेच आम्ही दिवसातून चाळीस वेळा करत होतो. सिमेंटची जमीन करून दिली असती तर ठोकळे लागलेच नसते. सिमेंट ठेवायच्या गोदामात जमिनीला सिमेंट नव्हतं. मी हे अण्णांना सांगितलं. अण्णा म्हणाले, "पूल बांधूक इलंव, गोदाम नाय."

ठोकळे लावायचं काम बाबलाचं. चपळ होता, आणि त्याला माझा अंदाज आला होता. मला तो दिसत नसे, गोण्या मधे. म्हणून आवाजावर काम. त्यासाठी गोदीतले दोन शब्द: "हाबेस" म्हणजे वर घे, "आरया" म्हणजे खाली सोड. जुने गलबतांवरचे शब्द आहेत, पोर्तुगिजांकडून आले म्हणतात. मला ते गोदीत शिकावे लागले नाहीत. आमच्या आरोंद्याला होडीचं शीड उतरवतानाही "आरया" म्हणतात, माझा बापूस म्हणायचा. बाबल ठोकळे लावून बाहेर यायचा आणि "आरया" ओरडायचा. मी सोडायचो.

पहिल्या महिन्यात दोनदा असं झालं की दुसराच हमाल दुसऱ्याच कामासाठी "आरया" ओरडला. ट्रकवरून पिंप उतरवत होते. एकदा बाबलाची बोटं थोडक्यात वाचली. त्या दिवशी जेवताना मी म्हटलं, असं चालायचं नाही. काहीतरी पक्कं ठरवूया. गोदीत शिट्टी असते, इशारा देणारा एकच माणूस नेमलेला असतो, बाकी कोणी तोंड उघडायचं नाही.

बाबल भाकरी मोडत होता. "शिट्टी कित्याक? गाऱ्हाण्यात कसा करतत? एकलो सांगता, बाकीचे 'व्हय महाराजा' म्हणतत, मगेच फुडे जातत. तसाच करूया. सदा, तू इचार, 'खाली कोण आसा?' मी भायर येवन 'कोण नाय महाराजा' म्हणान. मगेच सोड."

आधी हसलो. मग पटलं. माझ्या चार वर्षांच्या गोदीतल्या शिक्षणात, सगळ्या पत्रकांत, याहून चांगला सुरक्षेचा नियम मी वाचला नव्हता. "आरया" कोणीही ओरडेल, कशासाठीही ओरडेल. पण प्रश्न मी विचारल्यावर ठरलेलं उत्तर ठरलेल्या माणसाकडूनच येणार.

आठवडाभर आम्ही तसं केलं. "खाली कोण आसा?" "कोण नाय महाराजा!" सगळ्या शेडमध्ये मजा. हमाल ताल धरायचे. आणि त्या आठवड्यात कोणाला ओरखडासुद्धा आला नाही.

मग अण्णांनी ते बंद केलं. साहेबाने म्हणे रस्त्यावरून ऐकलं आणि विचारलं, इथे काम चालतं की दशावतार? अण्णांनी आम्हाला उभं करून सांगितलं, "देवाच्या नावाचो खेळ मांडलास? आणि एकेका पाटामागे केदो येळ जाता! आरया म्हणा, सोडा, मोकळे होवा."

मी तिथे भांडायला हवं होतं. मुंबईत मी अख्ख्या धक्क्याचं काम दोन तास थांबवलेला माणूस. इथे मी एकटा ड्रायव्हर, गावात नवा, आणि अण्णा मला चहा पाजत. मी म्हटलं, "बरं." हा माझा पहिला गुन्हा. दुसरा पुढे येतो.

त्यानंतर तीन आठवड्यांनी ती सकाळ. दुसऱ्या दिवशी होळी. दोन ट्रक उभे, दुपारपर्यंत रिकामे केले तरच सगळ्यांना सुट्टी. हमालांची घाई, माझी घाई. पत्र्याच्या शेडमध्ये इंजिनाचा आवाज असा घुमतो की स्वतःचा विचार ऐकू येत नाही. मी भार आणला, कमरेएवढा धरला. बाबल गोण्यांआड वाकला. एक ठोकळा चिरलेला होता म्हणून तो दुसरा मागवत होता, हे मला नंतर कळलं. मला ऐकू आलं, मोठ्याने, स्पष्ट: "आरया!"

मी दांडा ढकलला.

पुढचं मी लिहिणार नाही. ज्यांना असं वाचायला आवडतं त्यांनी दुसरा लेख काढावा.

भार उचलून त्याला बाहेर काढला आणि रिकाम्या ट्रकमध्ये गोण्यांच्या बारदानावर ठेवलं. सावंतवाडीकडे निघालो. त्याचं डोकं माझ्या मांडीवर. छाती एका बाजूने आत गेलेली. शुद्धीवर होता. मी वेड्यासारखं त्यालाच विचारत होतो, "कित्याक म्हटलंस रे? भायर येवच्या आधी आरया कित्याक म्हटलंस?"

त्याने डोळे उघडले. "सदा," म्हणाला, "मी म्हणूक नाय रे."

पुन्हा एकदा, हळू: "मी म्हणूक नाय."

सावंतवाडी यायच्या आधी संपलं.

संध्याकाळी अण्णांनी वही लिहिली. ते वाक्य लिहिल्यावर त्यांनी मला विचारलं, "तू आरया कोणाचा आयकलंस? बाबलाचा?"

"तो म्हणाला मी म्हणूक नाय."

"मगे ता लिवचा नको. लिवला तर चौकशीत म्हणतले, खाली असताना आरया म्हटल्यान, तेचीच चूक. मेलेल्याच्या माथ्यार आणि कित्याक मारतंस?"

मला ते दयेचं बोलणं वाटलं. मी दोन ओळींचा जबाब दिला: भार सोडताना सदर इसम खाली होता, मला दिसला नाही. सही केली. "आरया" हा शब्द त्या वहीत कुठेच आला नाही. शब्दच नाही म्हटल्यावर तो कोणाचा होता हा प्रश्नही नाही. उरलं एवढंच की बाबल आपणहून भाराखाली गेला.

आठ दिवसांनी रत्नागिरीहून चौकशीचे साहेब आले. आम्ही सगळे शेडमध्ये उभे होतो, मी गाडीवर, अकरा हमाल भिंतीला. इंजिन सुरू होतं, साहेबांना गाडी चालवून दाखवायची होती. जीप दारात थांबली. अण्णा दारात होते. त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि साहेबाला घालायच्या त्या खास आवाजात ओरडले:

"अरे या! या साहेब!"

माझा हात दांड्यावर गेला.

वाचकहो, नीट बघा. आमच्यात कोणी कोणाला "या" म्हणत नाही. आम्ही "येवा" म्हणतो. त्या शेडमध्ये सकाळपासून संध्याकाळपर्यंत "या" हा शब्द कोणाच्या तोंडात नसतो. तो फक्त साहेब आला की अण्णांच्या तोंडात येतो. इंजिनाच्या आवाजात "अरे या" आणि "आरया" यांत केसाचाही फरक उरत नाही. आणि होळीच्या आदल्या दिवशी साडेदहाला पुलाचे साहेब आले होते. त्यांची जीप दारात मी नंतर पाहिली होती, बाबलाला उचलून नेताना तिला वळसा घालून गेलो होतो.

मी भिंतीकडे पाहिलं. अकराच्या अकरा हमाल माझ्या हाताकडे बघत होते. मग एकमेकांकडे. मग जमिनीकडे. त्यांनाही त्याच क्षणी कळलं. अण्णांना कळलं की नाही, मी सांगू शकत नाही. ते साहेबांसाठी खुर्ची पुसत होते.

साहेबांनी हमालांना विचारलं, "त्या वेळी कोणी काही ऐकलं?"

"नाय साहेब."

मला विचारलं, "तुम्हाला जबाबात आणखी काही घालायचंय?"

मी म्हणालो, "नाही."

हा माझा दुसरा गुन्हा. भीती कशाची होती ते सांगतो. कोणीतरी साहेबाला "या" म्हणालं आणि मी माणसावर एक टन सोडला, हे स्वतःच्या तोंडाने सांगायची. इशारा कोणाचा हे न बघता, खाली न विचारता. मी, ज्याला गोदीत शिव्या देऊन शिकवलं होतं.

चैत्र लागल्यावर मी बाबलाच्या घरी गेलो. त्याची बायको सावित्री घरापुढच्या खळ्यात आंब्याची पानं झाडत होती. बस म्हणाली नाही. झाडू न थांबवता म्हणाली, "कंपनीतसून कारकून इल्लो. वाचून दाखवल्यान. निष्काळजीपणा म्हणजे काय रे, ड्रायव्हर?"

"म्हणजे... लक्ष न देता काम करणं."

झाडू थांबला. "तेणी? तो घरात भरलेलो तांब्योसुद्धा वाटेत ठेवी नसे. पोरां आपटतली म्हणान." मग माझ्याकडे पाहिलं. "तू थंय होतंस. खरा सांग. तेणी चूक केल्यान?"

मी सगळं सांगितलं. माझ्या हातासकट. शेवटी मी थांबलो तेव्हा म्हणाली, "तुका मी काय म्हणूचंय नाय. तुझा तू बघ. पण ता वाक्य खोडूक सांग. माझो झिल उद्या शाळेत जातलो, वाचूक शिकतलो. बापाशीच्या नावापुढे ता तेणी वाचूचा नाय."

त्याच दिवशी मी दुसरा जबाब लिहिला, चार पानं. ठोकळे, जांभ्याची जमीन, बंद केलेलं "कोण नाय महाराजा", "अरे या", आणि मी खाली न बघता सोडलं हेही. रत्नागिरीला पाठवला. श्रावणात उत्तर आलं: एकट्या संबंधित इसमाच्या सांगण्यावरून नोंद बदलता येत नाही, शब्द ऐकलेला दुसरा साक्षीदार हजर करावा.

दुसरा साक्षीदार! अकरा आहेत. मी अकराही जणांकडे गेलो. त्यांतल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या तातूंनी तंबाखू मळत मला सांगितलं, "आयकलंय मी. खोटा कित्याक बोलू? तेव्वाच वाटला माका, ह्यो आरया बाबलाच्या गळ्याचो नाय. पण अण्णांच्या तोंडार कसा सांगू? माझ्या झिलाक तेंनीच कामाक लावल्यानी. आणि तेंनी काय मुद्दाम केल्यानी?"

"तातू, मुद्दाम केलं असं कोणीच म्हणत नाही. बाबलाने केलं नाही, एवढंच म्हणायचंय."

"ता माका कळता रे," तातू म्हणाले. आणि तंबाखू तोंडात टाकली, म्हणजे बोलणं संपलं.

मी अजून तिथेच आहे. मला काढलेलं नाही, कारण रेडो दुसऱ्या कोणाला हाकता येत नाही. जमीन अजून जांभ्याचीच आहे. ठोकळे अजून लागतात. आता मी भार धरला की इंजिन बंद करतो, पूर्ण बंद, आणि विचारतो, "खाली कोण आसा?" उत्तर येईपर्यंत दांड्याला हात लावत नाही. "कोण नाय महाराजा," हमाल म्हणतात. आता कोणी ताल धरत नाही. अण्णा त्या वेळी रस्त्याकडे बघत उभे असतात. त्यांनी पुन्हा वेळ जातो म्हटलेलं नाही.

आता तुमच्याकडे येतो. होय, तुमच्याकडेच, हा अंक हातात धरणाऱ्या माणसाकडे. मुंबईहून दिवाळीला गावी आला असाल, किंवा बांदा, आरोंदा, सावंतवाडीलाच राहत असाल, तर त्या अकरांपैकी कोणी ना कोणी तुमचा भाऊबंद, शेजारी, व्याही असणारच. एवढा मुलूख मोठा नाही. तुम्ही त्याच्या पडवीत बसाल, फराळ खाल. तेव्हा त्याला विचारा: "होळयेच्या आदल्या दिसा शेडीत 'आरया' कोण म्हटल्यान?"

तो तंबाखू मळेल, पाऊसपाण्याचं विचारील. तुम्ही उठू नका. एकाने उत्तर दिलं तरी पुरे आहे. त्याला घेऊन बांद्याला या. मी रोज आठ ते पाच शेडमध्ये असतो. तिथून रत्नागिरीला मी त्याच्याबरोबर जाईन, आणि माझा जबाब त्याच्या आधी देईन.